कलम

मे महिना, त्रिमूर्तीनगर, सेहेचाळीस अंश.
कुलरमधलं पाणी संपलेलं,
उठून बादली कोण ओतणार
यावरही आमचं एकमत नाही.

पडद्यावर एक फाइल, तीन आठवड्यांपासून उघडी.
नाव आहे, आत अक्षर नाही.
परवान्याची फाइल.
बाकी सगळं तयार:
जुन्या फॉन्टमधली मराठी युनिकोडात आणणारा प्रोग्राम,
एका ग्रंथालयाची सतरा वर्षांची टिपणं
ज्यानं एका रात्रीत वाचती केली.
त्याचं नाव 'जोडाक्षर'.
लिहिणारे आम्ही तिघं, न जुळणारे.

भाग्येश म्हणतो, देऊन टाक ना बे.
घेईल त्यानं घ्यावं, विकील त्यानं विकावं,
खाली आपलं नाव राहिलं म्हणजे झालं.
त्याच्या बाबांची काटोलकडे नर्सरी आहे.
जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधायचा,
कलम पिशवीत घालून द्यायचं.
कोणी पैसे दिले,
कोणी नुसतं 'पुढच्या हंगामात' म्हणून गेलं.
"बाबानं कधी विचारलं नाही,
तू पुढं कोणाले डोळा देशील का म्हणून.
झाड लागलं ना? मंग?"

सुकेशिनी खुर्ची ओढते, कुलरपेक्षा मोठ्यानं.
"झाड लागलं. मग कुंपण लागलं.
मग फाटकावर पाटी, आत येण्यास मनाई.
अन् आत तुह्याच बाबाचा डोळा."

तिचे वडील दर ऑक्टोबरात दीक्षाभूमीजवळ
चटईवर पुस्तकं मांडत.
एक पातळ पुस्तिका, सायक्लोस्टाइल केलेली,
शाई बोटांना लागायची.
शेवटच्या पानावर दोन ओळी:
'ही पुस्तिका कोणीही छापावी.
छापणाऱ्याने हे पानही छापावे.'
"ते पान नसलेली प्रत पाहिली मी," ती म्हणते.
"गुळगुळीत कागद. किंमत एकशे ऐंशी."

भाग्येश थोडा वेळ काही बोलत नाही.
मग हळूच:
"म्हणजे मोकळं ठेवायलेही कलम लागते?"
"तुह्या बाबालेही कलमच लागलं ना."
तो हसतो, पण मान हलवत नाही.

मुक्त म्हणजे फुकट नाही, इथपर्यंत रात्री एकला आलो.
फुकट म्हणजे काय, यावर तीन वाजले.
साडेपाचला टपरीवर तर्री-पोहे.
तर्री मागाल तेवढी,
पोहे दुसऱ्यांदा घेतले की पैसे.
या परवान्यावर मात्र
इथे आजवर कोणी भांडलेलं नाही.

"तुह्यं काय?" दोघं एकदम विचारतात मला.
मी लिंबू पिळत राहते.

मिहानमधल्या माझ्या कंपनीचं नेमणूकपत्र
कपाटात, साडीच्या घडीखाली आहे.
त्यातलं कलम चौदा:
नोकरीच्या काळात, कचेरीत वा घरी, दिवसा वा रात्री,
मी जे लिहीन ते कंपनीचं.
सही माझीच. वाचून केलेली.

'जोडाक्षर'मधल्या दोनशे बारा ओळी माझ्या आहेत.
जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी आधी यायची,
अक्षर मागून.
तिला थांबायला मी शिकवलं.
आठ रात्री गेल्या त्यात.
त्या ओळींखाली मी नाव घातलं नाही,
दोघांना तो विनय वाटला.
आणि आता ही दोघं
देण्याच्या अटींवरून घसा कोरडा करतायत,
जे द्यायचं त्यातला एक तुकडा
माझा तरी कुठे आहे.

खोलीवर परत आल्यावर
माझ्या मशीनवर त्या ओळी पुसून पाहिल्या,
नुसतं बघायला.
टिपणांचं पहिलं पान, पहिलाच शब्द विदर्भ.
वेलांटी 'व'ला सोडून
पुढे जाऊन उभी, एकटी,
आधाराला अक्षर नाही.

बादली भरून आणली. कुलरमध्ये ओतली.
"ऐका," म्हटलं,
"भांडण थांबवू नका,
पण आधी माझं एक कलम वाचा."